स्टीनबॉक, डायकर, क्लिपस्प्रिंगर: मोठ्या रायफलला छोट्या हरणांसाठी काडतूस कोणतं भरून घ्यावं?

विचारणारे गृहस्थ ह्यूस्टनला राहतात. येत्या जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेत, लिम्पोपो आणि ईस्टर्न केप या दोन प्रांतांत, त्यांची शिकार ठरली आहे. रायफल एकच, .३०० विन्चेस्टर मॅग्नम. मुख्य जनावरं कुडू आणि गेम्सबॉक ही मोठी हरणं, पण यादीत स्टीनबॉक, साधा डायकर आणि क्लिपस्प्रिंगरही आहेत. तिकडच्या एका काडतुसं भरून देणाऱ्या कारागिराने त्यांना सुचवलं आहे की छोट्या हरणांसाठी १५० ग्रेनची (सुमारे ९.७ ग्रॅमची) हलकी, वेगवान, प्लास्टिकच्या टोकाची गोळी वेगळी भरून घ्या. ती घ्यावी का, आणि मुळात कस्टम काडतुसांवर एवढा खर्च करावा का, हे दोन प्रश्न आहेत.

मी प्रिटोरियाजवळ राहतो आणि परवान्यानिशी काडतुसं भरणं हाच माझा व्यवसाय आहे, म्हणून थेट सांगतो. ती १५० ग्रेनची गोळी घेऊ नका. छोट्या जनावराला हलकी आणि वेगवान गोळी हे ऐकायला बरोबर वाटतं, पण मॅग्नम रायफलच्या बाबतीत ते नेमकं उलटं आहे. तुम्हाला हवी टणक, तुकडे न होणारी, शक्यतो अंगात शिरल्यावर न फुलणारी गोळी, आणि जमलं तर कमी वेगाची. खर्चाचं म्हणाल तर तो एकाच कारणासाठी सार्थकी लागतो: कुडूची गोळी आणि छोट्या हरणाची गोळी, दोन्ही तुमच्याच रायफलमधून, स्कोपला, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीला, हात न लावता, कागदावर एकाच जागी लागल्या पाहिजेत. हे जमवून देणारा कारागीर मिळाला तर पैसे जरूर मोजा. नाहीतर दुकानातलं चांगलं काडतूस पुरेसं आहे.

आता कारणं.

आधी आकार डोळ्यांसमोर आणा. स्टीनबॉक साधारण ११ किलोचा, खांद्याशी उंची अर्धा मीटर. आपल्याकडचा चिंकारा त्याच्या जवळपास दुप्पट भरतो. साधा डायकर १५ ते २० किलो, क्लिपस्प्रिंगर १० ते १३. तुमच्या यादीत नाही, पण ईस्टर्न केपच्या किनारी जंगलात जो निळा डायकर असतो तो जेमतेम चार किलोंचा, म्हणजे आपल्या पिसोरीहून थोडाच मोठा. याउलट कुडूचा मोठा नर २०० किलोंच्या पुढे जातो. एकाच रायफलने तुम्ही या दोन टोकांना हात घालणार आहात.

आणि रायफल कोणती, तर १८० ग्रेनची, म्हणजे ११.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने सोडणारी. नळीच्या तोंडाशी ही ताकद ४,७०० जूलच्या आसपास भरते. शेजारच्या नामिबियात शिकारीसाठी किमान ताकद ठरवून दिलेली आहे: स्प्रिंगबॉक, डायकर वगैरेंसाठी १,३५० जूल, कुडू आणि ओरिक्स म्हणजेच गेम्सबॉकसाठी २,७०० आणि हत्ती-म्हशीसाठी ५,४००. म्हणजे डायकरला कायद्याने जेवढी पुरते त्याच्या जवळजवळ साडेतीनपट ताकद तुमच्याकडे आधीच आहे. तेव्हा आणखी वेग मिळवण्यात काही अर्थ नाही. ही जास्तीची ताकद जनावराच्या अंगात कमीत कमी खर्च होऊन पलीकडे निघून कशी जाईल, एवढाच प्रश्न उरतो.

१५० ग्रेनची गोळी .३०० विन मॅगमधून सेकंदाला हजार मीटरच्या आसपास निघते. लिम्पोपोच्या झाडीत स्टीनबॉक दिसतो तो चाळीस, साठ, फार तर ऐंशी मीटरवर, म्हणजे गोळी जवळजवळ पूर्ण वेगात असताना लागते. पातळ कवचाची, आत मऊ शिसं आणि पुढे प्लास्टिकचं टोक असलेली गोळी त्या वेगाला कातडीतून आत शिरताच फुटते. सोलायच्या शेडमध्ये अशा स्टीनबॉकचं कातडं उलटं करून पाहा. आत शिरताना पडलेलं भोक करंगळी जाईल एवढं नीट असतं. दुसऱ्या बाजूला खांद्याच्या फऱ्याचे तुकडे झालेले असतात, बरगड्यांमधून मूठ आरपार जाईल एवढी खिंड पडलेली असते आणि कातडी त्या खिंडीच्या कडेने बोटभर लांब उभ्या चिरांत फाटलेली असते. कातडी आणि मांसाच्या मधे काळपट लाल, बुळबुळीत थर मानेपर्यंत पसरलेला असतो. ते मांस कापून टाकावंच लागतं. ११ किलोंच्या जनावरात दोन्ही खांदे गेले की उरतं काय? छोट्या हरणांचं बहुतेक लोक पूर्ण अंगाचं माउंट, म्हणजे कातडं भरून उभं केलेलं जनावर, करून घेतात, त्यामुळे कातडीची एकही बाजू भिंतीकडे लपवता येत नाही. मुख्य म्हणजे ज्या जनावराचा आपण जीव घेतो त्याचं मांस आणि कातडं वाया जाऊ नये, हे मी शिकाऱ्याचं पहिलं कर्तव्य मानतो. काडतूस निवडताना माझ्या मनात हीच गोष्ट सर्वांत वर असते.

हीच गोळी मोठ्या जनावरावर दुसऱ्या प्रकारे फसते. जॉन नोस्लर यांना १९४६ साली कॅनडात मूस या प्रचंड हरणाच्या शिकारीत हा अनुभव आला: जवळून मारलेली वेगवान गोळी खांद्यावरच फुटली, आत गेलीच नाही. त्यातून मधे पडदा असलेली पार्टिशन गोळी जन्माला आली आणि १९४८ मध्ये त्यांची कंपनी सुरू झाली. तेव्हा पातळ कवच आणि जास्त वेग ही जोडी कुडूलाही नको आणि स्टीनबॉकलाही नको.

मग कोणती गोळी? शिकारीच्या गोळ्या घडणीनुसार ढोबळ पाच प्रकारच्या. पातळ कवचाच्या, झटकन फुटणाऱ्या गोळ्यांचं वर झालंच. दुसरी साधी सॉफ्ट, तांब्याच्या कवचात शिसं, टोक उघडं. मध्यम वेगाच्या रायफलमध्ये ही फार चांगली गोळी आहे; .३०८ किंवा ७×५७ मधून जड वजनाची सॉफ्ट डायकरला बेताचंच नुकसान करते. तुमच्या मॅग्नममध्ये मात्र जवळच्या अंतरावर तिच्यावर भरवसा नको. तिसऱ्या प्रकारात पार्टिशन आणि कवचाला शिसं चिकटवलेल्या बॉन्डेड गोळ्या, उदाहरणार्थ स्विफ्ट ए-फ्रेम. कुडू-गेम्सबॉकसाठी या उत्तम, पण पार्टिशनचा पुढचा मऊ भाग लगेच फुलतो, म्हणून छोट्या हरणावर तिची बाहेर पडण्याची जागा मोठी होते. चौथी संपूर्ण तांब्याची, फुलणारी. बार्न्स टीएसएक्स तिचं सर्वांत परिचित उदाहरण, आणि दक्षिण आफ्रिकेतही पेरेग्रिन, जीएस कस्टम यांसारखे उत्पादक आहेत. तिच्या पाकळ्या उघडतात, पण शिसंच नसल्यामुळे सहसा तुकडे होत नाहीत आणि जवळजवळ सगळं वजन एकसंध राहतं. पाचवी सॉलिड: संपूर्ण तांब्याची किंवा पितळेची, न फुलणारी, पुढून बोथट.

छोट्या हरणासाठी तुमच्या रायफलला माझी पहिली पसंती बोथट टोकाच्या सॉलिडला आहे. इथले व्यावसायिक शिकारी पिढ्यान्‌पिढ्या .३७५ एच अँड एच मधून ३०० ग्रेनच्या सॉलिडने डायकर मारत आले आहेत. ऐकणाऱ्याला वाटतं, एवढ्या मोठ्या बंदुकीने त्याच्या चिंधड्या उडत असतील. उलट, गोळी आत शिरताना आणि बाहेर पडताना जवळपास सारखंच छोटं भोक पाडते आणि शिवणाऱ्याला दोन टाके घालावे लागतात, एवढंच. .३७५ चा वेग सेकंदाला ७७० मीटरच्या आसपास असतो, हेही त्या यशामागचं एक कारण आहे.

पण सॉलिडला एक अट आहे आणि ती मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. सॉलिड जिथून जाते तेवढंच भोक पाडते, आजूबाजूला तिचा परिणाम फार कमी. दोन्ही फुप्फुसांतून किंवा हृदयाच्या वरच्या भागातून गेली तर जनावर थोडं धावून पडतं. चार बोटं मागे पोटातून गेली तर ते जनावर घनदाट झुडपात नाहीसं होतं आणि यातना भोगत मरतं. फुलणारी गोळी थोडी चूक सांभाळून घेते, सॉलिड घेत नाही. स्टीनबॉकच्या छातीतला मर्माचा भाग जेमतेम १० सेंटिमीटरचा असतो. ज्याला झाडाच्या बुंध्याला टेकून किंवा काठ्यांच्या तिकाटण्यावर रायफल ठेवून साठ मीटरवर हमखास तेवढ्या वर्तुळात गोळी घालता येत नाही, त्याने सॉलिड वापरू नये, तांब्याची फुलणारी वापरावी. आणि जनावर पूर्ण आडवं उभं असेल तरच बार काढायचा. पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर जाऊन शरीराच्या खालच्या तिसऱ्या भागाच्या वरच्या सीमेवर नेम धरा, खांद्यात नको.

इथे एक धोका सांगितलाच पाहिजे. लष्करी बनावटीची टोकदार फुल मेटल जॅकेट म्हणजे सॉलिड नव्हे. तिचं वजन मागच्या बाजूला असतं, त्यामुळे मांसात शिरल्यावर ती आडवी फिरते, आणि पातळ कवचाच्या काही गोळ्या तिथेच मोडून तुकडे होतात. स्वस्त मिळते म्हणून कोणी ती भरून दिली तर घेऊ नका. सॉलिड म्हणजे एकाच धातूची किंवा जाड पोलादी कवचाची, बोथट किंवा गोल टोकाची, शिकारीसाठीच घडवलेली गोळी. .३० कॅलिबरमध्ये अशा गोळ्या मोजकेच उत्पादक करतात आणि तयार काडतुसांत त्या क्वचितच मिळतात. कस्टमची खरी गरज इथून सुरू होते.

गोळी बदलली की त्याबरोबर तीन गोष्टी बदलतात आणि घाईत भरणारे लोक नेमक्या त्याच विसरतात. तांबं शिशापेक्षा हलकं, घनता ८.९ विरुद्ध ११.३. म्हणून त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. लांब गोळीला स्थिर ठेवायला नळीच्या आट्यांचा, म्हणजे आतल्या पिळदार खाचांचा, पीळ पुरेसा जलद लागतो. तुमच्या .३०० विन मॅगला बहुधा १० इंचाला एक फेरा आहे, म्हणजे १८० ग्रेनपर्यंत अडचण नाही. पण १२ इंचाला एक फेरा असलेल्या जुन्या .२२३ मध्ये लांब तांब्याची गोळी भरली की ती कागदावर आडवी छापते. दुसरं, लांब गोळी काडतुसाच्या पितळी पुंगळीत खोल बसते आणि दारूची जागा खाते. तिसरं, अखंड धातूची गोळी आट्यांत दबताना शिशाच्या गोळीपेक्षा जास्त विरोध करते. या दोन्ही कारणांनी दाब वाढतो. म्हणून शिशाच्या १८० ग्रेनला जेवढी दारू, तेवढीच तांब्याच्या १८० ग्रेनला, असं कधीही करायचं नाही. गोळीच्या उत्पादकाने त्या विशिष्ट गोळीसाठी छापलेलं कोष्टकच वापरायचं, आणि कारागिराला ते दाखवायला सांगायचं. तो दाखवायला कां-कूं करत असेल तर दुसरा कारागीर शोधा.

आता वेग कमी करण्याविषयी. सॉलिडला पूर्ण वेगाची गरज नाही. सेकंदाला साडेसातशे-आठशे मीटर भरपूर झाले. पण वेग कमी करायचा म्हणून नेहमीची सावकाश जळणारी दारू अंदाजाने कमी घालणं अत्यंत घातक आहे. मोठ्या पुंगळीत अशी दारू फार कमी भरली तर कधीकधी ती नीट जळत न जाता दाब एकदम उसळतो आणि रायफल फुटल्याची उदाहरणं आहेत. कमी वेगासाठी त्या कामाला योग्य ठरलेल्या दारू आहेत. हॉजडन कंपनीने त्यांची एच४८९५ ही दारू कोष्टकातल्या कमाल मापाच्या ६० टक्के उरेल इथपर्यंत खाली आणता येते असं जाहीर केलेलं आहे, आणि कमी वेगाची काडतुसं त्या मर्यादेतच भरली जातात. तुमच्या गोळीला आणि कॅलिबरला असा छापील आधार मिळत नसेल तर कोष्टकातल्या किमान मापावर थांबा. वेग थोडा जास्त राहिला तरी सॉलिड फुलत नसल्याने नुकसान फारसं वाढत नाही.

मुख्य मुद्दा अजून बाकी आहे, दोन्ही गोळ्या एका जागी लावणं. वेगवेगळ्या वजनाच्या, घडणीच्या आणि वेगाच्या गोळ्यांना नळी वेगवेगळी कंप पावते. कमी वेगाची गोळी खाली लागेल एवढंच गणित धरून चालत नाही. ती शंभर मीटरवर पाच-सहा सेंटिमीटर डावीकडे किंवा उजवीकडेही जाते. १० सेंटिमीटरच्या मर्मासाठी हा फरक म्हणजे पोटात गोळी. शिकारीत स्कोपचे स्क्रू फिरवून हिशेब ठेवणं कोणाला जमत नाही, कारण कुडूच्या मागावर असताना स्टीनबॉक अचानक पुढ्यात उभा राहतो. तुम्ही बोल्ट मागे घेऊन वरचं काडतूस बदलता आणि तेवढाच वेळ तुमच्याकडे असतो.

म्हणून काम असं चालतं. आधी कुडूची गोळी पक्की करायची: १८० ग्रेनची बॉन्डेड किंवा तांब्याची, तुमच्या रायफलमधून जिची भोकं कागदावर एकमेकांच्या सर्वांत जवळ पडतात ती. तिच्यावर स्कोप लावायचा. मग सॉलिडचं माप दर वेळी थोडं थोडं बदलत, तीन-तीन गोळ्या झाडत, तो गट पहिल्या गटावर कधी येऊन बसतो ते पाहायचं. पुंगळीत गोळी किती खोल बसवायची, हेही या शोधात बदलतात. एका दारूने जमलं नाही तर दुसरी. शंभर मीटरवर दोन्ही गटांची मध्यं अडीच-तीन सेंटिमीटरच्या आत आली की काम झालं. हे दुसऱ्याच्या रायफलमध्ये करून उपयोग नाही. तेव्हा रायफल कारागिराकडे जायला हवी किंवा त्याने नमुन्याचे छोटे संच देऊन तुम्ही कागद त्याला परत दाखवायला हवेत. केवळ कॅलिबर सांगून टपालाने मागवलेल्या काडतुसांना कस्टम म्हणण्यात काही अर्थ नाही.

हे जमत नसेल, आणि बऱ्याच रायफलींना ते जमत नाही, तर एकाच गोळीवर या. १८० ग्रेनची तांब्याची फुलणारी गोळी कुडू, गेम्सबॉक आणि छोटी हरणं, सगळ्यांना चालते. स्टीनबॉकच्या फुप्फुसांतून, खांद्याचं हाड टाळून गेली तर बाहेरचं भोक रुपयाच्या नाण्याएवढं पडतं. सॉलिडइतकं स्वच्छ काम नाही, पण शिवता येतं आणि मांस बहुतेक वाचतं.

स्कोप कुठे लावायचा? मोकळ्या मैदानातले लोक २०० मीटरवर लावतात. लिम्पोपोच्या झाडीसाठी मी १०० वर लावायला सांगतो. स्कोप नळीच्या वर चार-पाच सेंटिमीटर असतो, त्यामुळे पंचवीस-तीस मीटरवर गोळी नेमाच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली लागते. कुडूला हा फरक कळणारही नाही. स्टीनबॉकला तो कळतो, म्हणून पंचवीस, पन्नास, पंच्याहत्तर अशा जवळच्या अंतरांवर प्रत्यक्ष गोळी कुठे लागते ते कागदावर पाहून ठेवा.

कारागिराला आणखी काही गोष्टी स्पष्ट सांगा. पुंगळ्या नव्या हव्यात आणि बुडावर तुमच्याच कॅलिबरचा शिक्का हवा. दुसऱ्या कॅलिबरची पुंगळी वळवून केलेलं काडतूस रायफलमध्ये उत्तम चालतं, पण विमानतळावर अधिकारी परवाना, रायफल आणि बुडावरचा शिक्का जुळवून पाहतो. प्रत्येक काडतूस मॅगझिनमधून बोल्टने सहज आत-बाहेर झालं पाहिजे, म्हणून पुंगळी पूर्ण साच्यातून काढलेली हवी. नेमबाजीच्या स्पर्धेत गोळी आट्यांना टेकेल इतकी बाहेर ठेवतात. शिकारीच्या काडतुसात हे अजिबात नको. न झाडलेलं काडतूस बाहेर काढताना गोळी नळीत अडकून राहते, पुंगळी मोकळी येते आणि सगळी दारू बोल्टच्या खाचेत सांडते. दिवस तिथेच संपतो. सॉलिडच्या पुंगळीच्या बुडाला काळ्या मार्करने पूर्ण वर्तुळ रंगवून घ्या, आणि ती काडतुसं कायम वेगळ्या खिशात ठेवा. डब्यावर गोळीचं नाव, वजन, दारू, माप, एकूण लांबी आणि तारीख लिहिलेली हवी.

तापमानाचंही सांगून ठेवा. तुम्ही ह्यूस्टनच्या उकाड्यात चाचणी घेणार आणि इथे जूनमध्ये हिवाळा असतो. ईस्टर्न केपच्या उंच भागात पहाटे पारा शून्याखाली जातो. तापमानाने कमी बदलणारी दारू वापरली तर वेगातला फरक नगण्य राहतो. उंचीची काळजी करू नका, शंभर मीटरच्या आत तिचा काही परिणाम दिसत नाही.

आता एकेका जनावराविषयी. स्टीनबॉक गवतात दबून बसतो, अगदी जवळ गेल्यावर उसळून पळतो, आणि बऱ्याचदा थोड्या अंतरावर थांबून मागे वळून पाहतो. तो क्षण तुमचा. शिंगं फक्त नराला असतात. मधे गवताचे दांडे असतील तर बार काढू नका. हलकी वेगवान गोळी त्यावरच फुटू शकते आणि जड गोळीही थोडी वळू शकते. डायकर सकाळी लवकर आणि संध्याकाळी झुडपांच्या कडेला येतो. सॉलिडसाठी सर्वांत सोपा तोच, कारण तो चरताना आडवा उभा राहतो.

क्लिपस्प्रिंगरच्या बाबतीत माझं मत थोडं बदलतं. तो खडकांवर राहतो, खुरांच्या टोकांवर उभा असतो आणि जवळजवळ नेहमी जोडीने असतो. सॉलिड त्याच्या आरपार जाऊन मागच्या खडकावर आपटली की कुठेही उडते, आणि मादी मागे किंवा शेजारीच असते. मागे आकाश किंवा उघडा कातळ असेल तर थांबा. मागे मातीचा उतार मिळत नसेल तर बार काढू नका, मग गोळी कोणतीही असो. त्याचे केस पोकळ आणि ठिसूळ असतात, मुठीत धरले तर पुंजका हातात येतो. पडल्यावर त्याला ओढायचं नाही, दगडांवरून तर नाहीच. चार पाय धरून उचला आणि चादरीत गुंडाळून खाली आणा. चांगली गोळी निवडून वाचवलेलं कातडं नंतर असं हाताळून खराब झालेलं पाहिलं की वाईट वाटतं.

कोणी ऐनवेळी ओरिबी हे छोटं हरिण सुचवलं तर नकार द्या, निदान नीट चौकशी केल्याशिवाय होकार देऊ नका. दक्षिण आफ्रिकेच्या प्रादेशिक लाल यादीत तो संकटग्रस्त आहे. निळा डायकर साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे कातडं देशाबाहेर नेताना वेगळी कागदपत्रं लागतात.

एक स्वस्त मार्गही आहे. इथल्या बऱ्याच फार्मवर .२२३ किंवा .२४३ रायफल असते, अनेकदा सायलेन्सरसह, आणि ती भाड्याने मिळते. छोट्या हरणांसाठी तीच घेतली तर कस्टम सॉलिडचा प्रश्नच उरत नाही. .२२३ मध्ये जड, टणक सॉफ्ट गोळी हवी, कोल्ह्यांसाठीची फुटणारी नको, हे आधीच कळवून ठेवा. नामिबियात गेलात तर .२२२ आणि .२२३ किमान ताकदीत बसतात, .२२ हॉर्नेट बसत नाही. पैसे कमी पण हौस भरपूर असेल आणि वेगळी रायफल घ्यायचीच असेल, तर माझं मन ७×५७ माउझरकडे जातं. १८९२ चं हे काडतूस. बोअर लोकांनी याच्याच माउझर रायफली घेऊन इंग्रजांशी लढाई केली, आणि आपल्या वाचकांना परिचित असलेल्या जिम कॉर्बेट यांची .२७५ रिग्बी म्हणजे हेच काडतूस. मूळ भरण ११.२ ग्रॅमची गोळी, सेकंदाला ७०० मीटर. एवढा बेताचा वेग असल्यामुळे साधी सॉफ्टसुद्धा डायकरला फाडत नाही, आणि त्याच रायफलने कुडूही पडतो.

कागदपत्रांचं शेवटी. अमेरिकेतून निघताना कस्टम्सचा ४४५७ क्रमांकाचा फॉर्म रायफलसाठी करून घ्या, इथे उतरल्यावर पोलिसांचा ५२० क्रमांकाचा फॉर्म लागतो. काडतुसं फक्त सोबत आणलेल्या रायफलच्या कॅलिबरची, आणि एका रायफलमागे २०० पर्यंत. विमानात मात्र त्याआधीच मर्यादा येते: एका प्रवाशाला एकूण ५ किलो. .३०० विन मॅगची शंभर काडतुसं सव्वातीन किलोंच्या आसपास भरतात, डबे धरून थोडी जास्त. साठ कुडूसाठी आणि चाळीस सॉलिड एवढी पुरेशी आहेत. काही विमान कंपन्या घरी भरलेली काडतुसं नेऊ देत नाहीत किंवा उत्पादकाच्याच डब्यात मागतात, तेव्हा परवानाधारक कारागिराचा छापील डबा आणि पावती सोबत असू द्या आणि कंपनीला आधी लेखी विचारा. फार्मवर पोहोचलात की पहिल्या दुपारी दोन्ही गोळ्या कागदावर झाडून पाहा, आधी थंड नळीतून एक सॉलिड. जूनमध्ये निघायचं तर हे सगळं जमवून काडतुसं मार्चअखेर तुमच्या हातात हवीत, म्हणजे कारागिराशी बोलणी आत्ताच सुरू करा.